भिंत कोणाची? चार्ल्स कोरिया आणि त्यांचे सहकारी कलावंत

आजचा विषय आधुनिक स्थापत्याचा आहे, पण सुरुवात आम्ही आपल्या शेजारच्या डोंगरातून करणार आहोत. चाळीसगावहून कन्नडकडे निघालं की सातमाळ्याच्या रांगेत, गौताळ्याच्या जंगलात पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीची, म्हणजे अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. तिथं एका यक्षाची मूर्ती सापडली. बुटका, ढेरपोट्या, दोन्ही हातांनी डोक्यावर परातीसारखं भांडं धरलेला आणि चेहऱ्यावर हसू. आज ही मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर ब्राह्मी लिपीत एक छोटासा लेख आहे. त्याचा अर्थ इतकाच, की कण्हदास नावाच्या सोनारानं ही केली. सोनं घडवणारा हात दगडाकडे वळला आणि त्यानं आपलं नाव लिहून ठेवलं. जळगावच्या सराफ बाजारानं अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे!

पितळखोऱ्यात दान देणाऱ्यांचीही नावं आहेत, त्यात पैठणचा एक अत्तराचा व्यापारी आहे. म्हणजे पैसा देणाऱ्याचं नाव आहे आणि घडवणाऱ्याचंही आहे. आता आपल्या गावातली कुठलीही नवी इमारत डोळ्यांसमोर आणा. कोनशिलेवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. आर्किटेक्टचं नाव कधी असतं, कधी नसतं. भिंतीवर चित्र काढलं त्याचं, दगड बसवला त्याचं नाव मात्र बहुधा कुठंच नसतं.

हे असं का झालं, आणि असंच व्हायला हवं होतं का, हा आजचा प्रश्न आहे. तो नुसता मानापमानाचा नाही. भिंतीवर काय असावं हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, आणि तो अधिकार कोणत्या टप्प्यावर मिळतो, हा त्यातला खरा मुद्दा आहे. त्यासाठी आम्ही एका माणसाची कारकीर्द घेतली आहे, चार्ल्स कोरिया यांची.

थोडी पार्श्वभूमी सांगू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात अडॉल्फ लूस नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुविशारदानं अलंकरणावर कडाडून हल्ला केला. वस्तूवर नक्षी चढवणं म्हणजे मजुराचे श्रम वाया घालवणं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या म्हणण्यात तथ्यही होतं. यंत्रानं छापलेल्या खोट्या नक्षीचा तो काळ होता. पण नक्षी गेली तशी नक्षी करणाऱ्याची इमारतीतली जागाही गेली. मग १९१९ मध्ये जर्मनीत वॉल्टर ग्रोपिअस यांनी बाउहाउस ही शाळा काढली आणि जाहीरनाम्यातच सांगितलं, की वास्तुविशारद, शिल्पकार आणि चित्रकार यांनी पुन्हा एकत्र आलं पाहिजे. हेच ग्रोपिअस पुढं अमेरिकेत हार्वर्डला शिकवायला गेले, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे होते, बरं का.

म्हणजे आधुनिक स्थापत्याच्या पोटातच हे भांडण आहे. एक आवाज म्हणतो, भिंत कोरी ठेवा. दुसरा म्हणतो, भिंतीवरच्या माणसाला परत बोलवा. पण परत बोलवायचं कधी? घर बांधून झाल्यावर, की आराखडा कागदावर असताना?

कोरिया यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० चा, सिकंदराबादचा. घराणं मूळ गोव्याचं. मुंबईत सेंट झेवियर्स, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी असं शिक्षण करून ते परतले आणि १९५८ मध्ये मुंबईत त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. तिशीही उलटली नव्हती तेव्हा साबरमती आश्रमातल्या गांधी स्मारक संग्रहालयाचं काम त्यांच्याकडे आलं. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिलं असेल. विटांचे खांब, वर कौलारू छपरं, सहा मीटर बाय सहा मीटरचे चौक एकमेकांना जोडत गेलेले, काही बंद, काही उघडे, मध्ये पाणी. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. तिथं भव्य भित्तिचित्र नाही. गांधीजींची पत्रं आहेत, छायाचित्रं आहेत आणि सावली आहे. याचा अर्थ कोरियांना कलेचं वावडं होतं असा आम्ही घेत नाही. त्या जागेला चित्रकाराची गरज नव्हती. हे ओळखणं हाही सहकार्याच्या विचाराचाच भाग आहे. मोकळी भिंत दिसली की तिच्यावर काहीतरी चिकटवलंच पाहिजे, ही आपली आजची सवय त्यांना नव्हती.

त्याच सुमारास मुंबईत कुलाब्याला दुसरं एक उदाहरण घडत होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची नवी इमारत १९६२ मध्ये तयार झाली. ती हेल्मुट बार्च या शिकागोच्या वास्तुविशारदाची. संस्थेचे संचालक होमी भाभा स्वतः चित्रं काढणारे. त्यांनी प्रवेश दालनातल्या भिंतीसाठी चित्रकारांकडून आराखडे मागवले. निवड झाली एम. एफ. हुसेन यांची, आणि सुमारे ४५ फूट लांब, ९ फूट उंच असं ‘भारत भाग्यविधाता’ हे चित्र तिथं आलं. भाभांनी एवढ्यावर न थांबता त्या काळच्या तरुण चित्रकारांची कामं संस्थेसाठी घेतली आणि मोठा संग्रह उभा केला. विज्ञानाच्या संस्थेनं हे करावं ही थोर गोष्ट आहे. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं बघा. भिंत आधी उभी राहिली, तिची लांबी-उंची आधी ठरली आणि चित्रकार नंतर आला. यजमानानं सन्मानानं बोलावलेला पाहुणाच तो. पाहुण्याचा मान मोठा असतो, पण घराची खोली कुठं असावी हे त्याला कोणी विचारत नाही.

आता पणजीला जाऊ. मांडवीच्या काठी, कांपालला, कोरियांनी कला अकादमीची इमारत केली. काम सत्तरच्या दशकात सुरू झालं, १९८३ पर्यंत चाललं. आडवी, बुटकी, झाडांच्या उंचीला धरून राहणारी इमारत. रस्त्यावरून आत शिरलं की सावलीतून चालत थेट नदीपर्यंत जाता येतं. आत मुख्य नाट्यगृह आहे, त्याला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. दीनानाथ मंगेशीचे, म्हणजे गोव्याचेच. नाट्यसंगीताच्या वेडापायी खानदेशातही रात्र रात्र जागलेल्या पिढीला हे नाव वेगळं सांगायला नको.

या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांची चित्रं आहेत. मारिओंना आपण व्यंगचित्रकार म्हणून ओळखतो. गोव्यातल्या लोटलीचे ते राहणारे. त्यांनी इथं काय केलं? दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जुन्या थिएटरातले सज्जे रंगवले आणि त्या सज्जांत गोव्याची माणसं बसवली. नटूनथटून आलेल्या बायका, जाडजूड भाटकार, खाली वाकून बघणारे, शेजाऱ्याशी गप्पा मारणारे. आपण खुर्चीत बसतो आणि बाजूला बघतो तर आपल्या आधीच येऊन बसलेले प्रेक्षक! नाटक सुरू व्हायच्या आधीच एक नाटक सुरू झालेलं असतं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळं इथं जरा थांबावंसं वाटतं. हुसेनांचं चित्र कुलाब्याहून उचलून दुसऱ्या मोठ्या दालनात नेलं तर त्याचं काहीतरी हरवेल, पण ते चित्र राहील. मारिओंचे सज्जे उचलून संग्रहालयात टांगले तर? रंग राहतील, रेषा राहतील, पण त्यांचं काम संपेल. कारण रंगवलेल्या प्रेक्षकांना खरे प्रेक्षक लागतात. समोर रंगमंच लागतो. अंधार होण्याआधीची ती पाच-दहा मिनिटं लागतात. ही भिंत काँक्रीटची म्हणून कोरियांची आणि रंगाची म्हणून मारिओंची, अशी वाटणी तिथं करताच येत नाही. सहकार्य कशाला म्हणायचं याची आमची कसोटी हीच आहे. दोघांपैकी एकाचं काम काढून घेतलं तर दुसऱ्याचं लंगडं होतं का?

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे, १९९२ ची. तिथंही ही कसोटी लागू होते. कोरियांनी दर्शनी बाजूला मोठी पोकळी ठेवली आणि तिथं हॉवर्ड हॉजकिन या इंग्रज चित्रकाराला बोलावलं. हॉजकिन १९६४ पासून पुन्हा पुन्हा भारतात येत होते, आपल्याकडच्या लघुचित्रांचे ते जाणते संग्राहक. त्यांनी वडाच्या झाडासारखा एक प्रचंड आकार केला. लांबून पाहिलं तर समोरच्या कुठल्यातरी अदृश्य झाडाची सावली इमारतीवर पडल्यासारखी वाटते. हे चित्र रंगात नाही, दगडात आहे. पांढरा मकराणा संगमरवर आणि काळा कडप्पा. हो, आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा तोच कडप्पा! दिल्लीच्या उन्हा-धुळीत रंग टिकला नसता, दगड टिकतो. इमारतीच्या आत मागच्या टोकाला स्टीफन कॉक्स या शिल्पकाराचं शैव कल्पनेवरचं शिल्प आहे, मधल्या भागात चारबागेची आठवण आहे. भारतात आलेल्या विचारांचे थर कोरियांना एका ओळीत मांडायचे होते. हा हेतू आराखड्यातच असल्यामुळं कलावंतांची जागाही आराखड्यातच ठरली.

पण इथं आमच्या कौतुकाला एक ठेच लागते. या इमारतीबद्दल जे लेख निघतात त्यात दोन-तीन नावं येतात. कोरिया, हॉजकिन, कॉक्स. हॉजकिन यांच्या हातचा आराखडा इमारतीच्या मापाला आणायचा, वळणावळणाचे दगड कापायचे, पांढऱ्याला काळा असा भिडवायचा की सांध्यात नख जाऊ नये, हे काम ज्यांनी केलं ते पाथरवट कुठं आहेत? कण्हदासाचे वंशज ते. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजानं नाव कोरलं आणि विसाव्या शतकात, कलावंतांना आराखड्यापासून सोबत घेणाऱ्या इमारतीतही, नाव कोरायची जागा त्यांना मिळाली नाही.

भोपाळमध्ये या प्रश्नाला थोडं वेगळं उत्तर मिळालं. आपल्याकडून भोपाळ काही लांब नाही, भुसावळला गाडीत बसलं की खंडवा-इटारसीमार्गे पोचतो. तिथं मोठ्या तलावाच्या उतारावर कोरियांनी भारत भवन केलं. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ते सुरू झालं. बाहेरून इमारत जवळपास दिसतच नाही. गच्च्या आणि जमिनीत उतरलेले चौक. नदीच्या घाटासारखं पायऱ्या उतरत जायचं.

तिथल्या रूपंकर या कला संग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्याकडे होती. त्यांनी तरुणांचे गट मध्य प्रदेशातल्या खेड्यापाड्यांत, आदिवासी पाड्यांत पाठवले. पाटणगढ नावाच्या गावात एका भिंतीवरचं चित्र या लोकांना दिसलं आणि ते काढणारा परधान गोंड तरुण भोपाळला आला. त्याचं नाव जनगढ सिंह श्याम. परधान हे गोंडांचे गायक, वंशावळ आणि देवांच्या कथा गाणारे. जनगढनं त्या देवांना कागदावर आणि कॅनव्हासवर रूप दिलं. रूपंकरमध्ये शहरी चित्रकार आणि आदिवासी चित्रकार शेजारी शेजारी लागले. त्याहून महत्त्वाचं असं, की आदिवासी कलावंताच्या कामाखाली ‘गोंड कला’ एवढंच न लिहिता माणसाचं नाव लिहिलं गेलं. पुढं कोरियांनी भोपाळलाच मध्य प्रदेशचं विधान भवन केलं. १९९८ मध्ये त्याला आगाखान स्थापत्य पुरस्कार मिळाला. त्या विधान भवनाच्या भिंतींवर जनगढ यांनी चित्रं काढली. ज्या समाजाला कायदे होताना कोणी विचारलं नव्हतं, त्या समाजाच्या माणसाचा हात कायदे करणाऱ्या घराच्या भिंतीवर आला. ही लहान गोष्ट नाही.

तरीही आम्ही हे गोड करून सांगणार नाही. नाव लिहिलं म्हणजे सगळं मिळालं असं होत नाही. २००१ मध्ये जपानमध्ये एका संग्रहालयासाठी काम करत असताना जनगढ यांनी स्वतःचं जीवन संपवलं. तेव्हा ते चाळिशीच्या आसपास होते. नावाबरोबर मोबदला, घरी परतायची मोकळीक, नाही म्हणायचा अधिकार, हे सगळं यावं लागतं. कलावंताला सहकारी म्हणायचं आणि वागवायचं मात्र कंत्राटी मजुरासारखं, असं जगात सर्रास होतं.

एक शेवटचं उदाहरण पुण्याचं, कारण त्यात कलावंताऐवजी शास्त्रज्ञ आहे. १९८८ मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. नारळीकर आणि कोरिया यांनी मिळून काय केलं ते पुणे विद्यापीठाच्या आवारात जाऊन बघा. मधोमध कुंड आहे, मंदिराच्या पायऱ्यांच्या कुंडासारखं. भिंती काळ्या, पण तीन तऱ्हेच्या काळ्या. खाली आपला खडबडीत काळा पाषाण, वर कडप्पा आणि त्याच्यावर चकचकीत ग्रॅनाइट, ज्यात आभाळ दिसतं. अवकाशाचा काळा रंग असा दगडाच्या पोतातून येतो. फरशीत त्रिकोणाच्या आत त्रिकोण असा गणितातला सिर्पिन्स्कीचा आकार आहे. पृथ्वी फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबक टांगलेला आहे. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. २८ डिसेंबर १९९२ रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते आयुकाचं लोकार्पण झालं. इथल्या दगडांचं अलंकरण आणि संस्थेचं शास्त्र वेगळं काढता येत नाही. लूसनं नक्षीवर घेतलेल्या आक्षेपाला याहून चांगलं उत्तर आम्हाला माहीत नाही. नक्षी जर विचारच असेल तर ती वाया गेलेली मेहनत कशी म्हणणार?

कोरिया १६ जून २०१५ ला मुंबईत गेले. त्यांच्या मागं त्यांच्या इमारतींचं काय होतंय? २०१९ मध्ये कला अकादमी पाडून नवी बांधावी असा विचार सरकारी पातळीवर बोलून दाखवला गेला. गोव्यातले कलावंत, वास्तुविशारद आणि साधे नाटकवेडे उभे राहिले, तेव्हा पाडापाडी टळली. २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी वास्तू बंद झाली. जुलै २०२३ मध्ये काम चालू असताना खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. सुदैवानं खाली कोणी नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वास्तू पुन्हा उघडली. दुरुस्ती लागतेच, समुद्राच्या हवेत काँक्रीट सडतं, लोखंड गंजतं. पण दुरुस्तीच्या कागदावर ‘रंगकाम’ असा रकाना असतो, आणि त्या रकान्याला मारिओंचा सज्जा आणि संडासाची भिंत यांतला फरक कळत नाही. तो फरक माणसानं सांगावा लागतो.

हे आम्ही दुसऱ्यांना शिकवतो आहोत असं समजू नका. आमच्या हातूनही हे पाप घडलं आहे. जिथं आम्ही शिकवत होतो त्या एका महाविद्यालयात जुन्या सभागृहाच्या भिंतीवर एक चित्र होतं. सातपुडा, पायथ्याशी केळीची बाग आणि आठवडी बाजार. परिसरातल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी सुट्टीत येऊन, स्वतः रंग घोटून काढलेलं. सभागृहाची डागडुजी निघाली, अंदाजपत्रक आलं, त्यात ‘भिंतींना दोन हात पांढरा रंग’ अशी ओळ होती. समितीत आम्ही होतो. सही केली. आठ दिवसांनी आत गेलो तर बाजार उठलेला! त्याच वर्षी आम्ही एम. ए.च्या वर्गाला सौंदर्यशास्त्र शिकवत होतो, कलाकृती म्हणजे काय यावर तासन्‌तास बोलत होतो. ते शिक्षक नंतर एकदा सभागृहात येऊन बसले. भिंतीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “सर, आता उजेड चांगला पडतो.” त्याहून जास्त काही बोलले नाहीत. भिंतीच्या कोपऱ्यात त्यांचं नाव लिहिलेलं असतं, तर कदाचित रंगाऱ्यानं तरी ब्रश उचलण्याआधी कोणाला विचारलं असतं. एका नावाची किंमत तेवढी असते.

म्हणून शेवटी एक साधी विनंती. आपल्यापैकी कोणी शाळेच्या, वाचनालयाच्या, ग्रामपंचायतीच्या बांधकाम समितीत असेल. प्लॅन मंजुरीला जाण्याआधी एकदा गावातल्या चित्रकलेच्या मास्तरांना, एखाद्या मूर्तिकाराला, एखाद्या जाणत्या गवंड्याला आर्किटेक्टसमोर बसवा. इमारत झाल्यावर हारतुरे घालायला बोलावू नका, भिंत कागदावर असतानाच बोलवा. ते कदाचित सांगतील, की इथं काहीच नको, सावली पुरे. तेही ऐका. राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. धुळ्यातल्या एका कलाशिक्षकानं त्यांचा हात ओळखला म्हणून ते मुंबईला जे. जे.मध्ये गेले, पुढं अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीवर त्यांनी काम केलं, आणि मग साऱ्या देशानं त्यांचं नाव ऐकलं. असा हात ओळखायला आधी त्याला बोलवावं तर लागेल.

आणि काम झालं की कोनशिलेवर शेवटची एक ओळ वाढवा. ज्यांनी केलं त्यांची नावं, गवंड्यासकट. पितळखोऱ्याच्या सोनाराला ती जागा मिळाली होती.

वेळ झाली आहे, थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.